रोझालीच्या बाटलीतलं तेल

कच्चं तेल म्हणजे नुसतं काळं, चिकट आणि वास मारणारं, असं समजणारी माणसं बॅटन रूजमध्येसुद्धा पुष्कळ आहेत, आणि त्यांतली निम्मी तेलावरच जगतात. लिओंटीन शेरामी त्यांच्याशी वाद घालत नसे. किनाऱ्यावर डांबराचे गोळे लागले किंवा पाण्यावर तवंग आला, की त्याची बाटली तिच्या टेबलावर यायची आणि तिने सांगायचं, हे तेल कुठल्या घरचं. बावीस वर्षं ती हेच करत होती. तेल ज्या शेवाळाचं, ज्या पालापाचोळ्याचं झालेलं असतं त्याची खूण त्यात राहतेच. त्याची वाफ करून केसासारख्या बारीक नळीतून सोडली, की एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि कागदावर त्यांची शिखरं उमटतात. उन्हाने, खाऱ्या पाण्याने हलकं ते सगळं उडून जातं. काही चिवट रेणू मात्र चाळीस वर्षंही जागचे हलत नाहीत. लिओंटीनला त्या चिवट रेणूंचा मनापासून जिव्हाळा होता, कारण तिची आई त्याच जातीची होती.

सप्टेंबरमध्ये एक बाटली आली. बाटलीवर नमुन्याचा नंबर आणि जागेचे अक्षांश-रेखांश, बाकी काही नाही. दुसऱ्या कुणाला ते नुसते आकडे वाटले असते. लिओंटीनने ते वाचले आणि खुर्ची ओढून बसली. ती जागा रोझाली आणि ग्रोबेक या दोन उथळ खाड्यांच्या मधली होती. तिचा बाप तिथेच कुठेतरी होता.

आल्सीद शेरामी रोझालीच्या तेलक्षेत्रावर टाक्या मोजायचा. दलदलीत खांबांवर उभ्या केलेल्या टाक्या, त्यांना बांधून ठेवलेला एक बार्ज म्हणजे तेल वाहायची सपाट होडी, आणि त्या बार्जवर सात दिवस एकटा माणूस: टाकीत पट्टी सोडायची, तेल मोजायचं, बार्जमध्ये भरायचं. रोझालीचा बार्ज चौदा नंबर. शेजारच्या ग्रोबेकचा एकवीस नंबर, आणि त्याच्यावर आल्सीदचा जिवलग एल्फेज दोमँग. पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात वादळ आलं ते तीन दिवस हललंच नाही. ओसरलं तेव्हा दोन्ही बार्ज नाहीसे झाले होते. एल्फेज वादळाच्या आदल्या संध्याकाळीच किनाऱ्यावर आला होता, त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. आल्सीद आला नाही. रोझालीच्या आसपास सहा आठवडे शोधलं. चौदा नंबर सापडला नाही, माणूसही सापडला नाही. लिओंटीन तेव्हा आठ वर्षांची होती.

तिच्या आईने, अझेलीने, रिकामं थडगं बांधायला नकार दिला. पाद्री येऊन सांगून गेले, नणंदा सांगून गेल्या. "आत कुणी नसताना मी दगडाला कशाला फुलं वाहू? मला काय वेड लागलंय?" असं म्हणून तिने सगळ्यांना कॉफी पाजून वाटेला लावलं. पण दर नोव्हेंबरच्या एक तारखेला, सगळ्या संतांच्या दिवशी, बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याच्या, काठचं अख्खं गाव चुना आणि ब्रश घेऊन दफनभूमीत जातं, आपापली थडगी पांढरीशुभ्र करतं, तेव्हा अझेलीही जायची. सासू-सासऱ्यांचं थडगं रंगवायची, आईबापांचं रंगवायची, आणि मग हातात ब्रश घेऊन नुसती उभी राहायची. अडतीस वर्षं. बायका तिच्याकडे बघायचं टाळायच्या. हल्ली ती म्हणायला लागली होती, "मी गेले की मला एकटीला थडग्यात टाकू नका गं. एकटीला भीती वाटते मला." शहात्तर वर्षांची बाई, आयुष्यात कशाला भ्यायली नव्हती.

तर ही बाटली म्हणजे लिओंटीनच्या दृष्टीने नुसती बाटली नव्हती. तिने नियमाप्रमाणे वरिष्ठांना सांगून टाकलं, की हे माझ्या घरचं प्रकरण आहे, तेव्हा सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या. सहीसाठी रॉस्को बोथामला नेमलं. रॉस्को शेजारच्या टेबलावरचा, सहा फूट दोन इंच, आणि जिभेला हाड नसलेला.

"तपास तू कर, सही मी करतो," तो म्हणाला. "म्हणजे नेहमीसारखंच. काम तुझं, नाव माझं."

तवंगातलं तेल एक नव्हतं, दोन होती. त्यांतलं एक लगेच ओळखू आलं: जवळच एक बूच मारून सोडून दिलेली जुनी विहीर होती, तिचा नमुना कपाटात होताच, शिखराला शिखर जुळलं. दर दहा थेंबांतले सात त्या विहिरीचे. उरलेले तीन कुणाचे, ते कपाटातल्या कशाशीच जुळेना.

किनारा सांभाळणाऱ्या खात्याची एक बाई फोनवर होती. तिने सरळ सांगितलं: "विहिरीचं आम्ही बघतो. उरलेलं बुडालेल्या बार्जमधलं असेल, तर पाणबुडे पाठवून भोक बुजवू. बार्ज चिखलातच राहू देऊ."

"आणि त्यात माणूस असेल तर?"

"कागदावर माणूस असेल तर गोष्ट वेगळी. मग उघडून शोधावंच लागतं. चौदा नंबरवर एक माणूस नोंदलेला आहे. एकवीसवर कुणी नाही."

म्हणजे सगळं त्या तीन थेंबांवर येऊन ठेपलं. ते रोझालीचे असतील तर बार्ज चौदा, आणि चौदात पापा. पण रोझालीचं तेलक्षेत्र बंद होऊन तीस वर्षं झाली होती, आणि जुने नमुने ज्या गोदामात होते ते एका पुरात आडवं झालं होतं. ताडून बघायला रोझालीचं शुद्ध तेल आणायचं कुठून?

आणि मग लिओंटीनला आठवलं, आणि स्वतःच्या डोक्यात एक टपली मारावीशी वाटली. ते तेल तर तिच्या आईच्या घरात, मेरीमातेच्या मूर्तीशेजारी, फळीवर होतं.

बायूवरच्या तेलकामगारांची ही रीत. नव्या विहिरीला पहिलं तेल लागलं, की माणसं हाताशी येईल ती बाटली भरून घरी नेतात. कुणी सिरपची, कुणी औषधाची. रोझालीची पहिली विहीर लागली तेव्हा आल्सीदने व्हॅनिलाच्या अर्काची चपटी बाटली भरून आणली होती. लहानपणी लिओंटीन ती उजेडात धरायची. तेल काठाशी हिरवट दिसायचं.

ती त्याच शनिवारी दोन तास गाडी चालवत खाली गेली. अझेली कोळंबी सोलत बसली होती.

"ममा, पापांच्या बाटलीतलं थोडं तेल हवंय. चमचाभर."

अझेलीचे हात थांबले. "कशाला?"

लिओंटीनने सगळं सांगितलं. खरं तर सांगायला नको होतं. अजून काही हातात नव्हतं. पण ती आठ वर्षांची असल्यापासून आईला हे सांगायची वाट बघत होती, आणि तिच्याने राहवलं नाही.

"हे सगळं रोझालीचंच आहे ना, ममा? दुसरं काही नाही ना गेलं यात कधी?"

"तुझ्या बापाने आपल्या हाताने भरलंय," अझेली म्हणाली आणि पुन्हा कोळंबी सोलायला लागली. "घे काय हवं ते."

तिने उत्तर दिलं होतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं नाही. लिओंटीन दिवसभर लोकांच्या बाटल्यांमधलं खोटं पकडायची. आईच्या बोलण्यातलं तिला त्या दिवशी दिसलं नाही. दिसायला नको होतं म्हणून दिसलं नाही, दुसरं काय.

बुधवारी यंत्रातून कागद बाहेर आला. रोझालीच्या बाटलीत एक उंच, एकटं शिखर होतं, खारट तळाशी साचलेल्या तेलातच सापडतं ते. तेच शिखर तवंगातल्या त्या तीन थेंबांतही होतं. लिओंटीन तो कागद धरून बाथरूममध्ये गेली, दार लावलं आणि रडली. मग रॉस्कोला न दाखवता, बाकीची शिखरं न मोजता, तिने आईला फोन केला.

"ममा, ते आहेत. पापाच आहेत."

मग अझेली म्हणाली, "नीट बघितलंस ना?"

"बघितलं."

त्याच दुपारी अझेलीने दगडावर अक्षरं कोरणाऱ्या माणसाला बोलावणं धाडलं. संध्याकाळपर्यंत बायूच्या दोन्ही काठांना कळलं. गुरुवारी तिच्या घरी इतका स्वयंपाक येऊन पडला की फ्रीजचं दार लागेना.

आणि शुक्रवारी सकाळी रॉस्को लिओंटीनच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. नेहमीचं हसू तोंडावर नव्हतं.

"बाई, तुझी ही बाटली एका घरची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हिचा हलका भाग एक वय सांगतोय आणि जड भाग दुसरंच. एकाच तेलाची दोन वयं नसतात, हे तूच मला शिकवलंस. हिच्यात भेसळ आहे. दोन तेलं आहेत." त्याने कागद टेबलावर ठेवला. "आणि तुझं ते उंच शिखर नक्की कुठल्या तेलाचं, हे आता मला सांगता येत नाही. तुलाही येणार नाही."

लिओंटीनने कागद पाहिला. नुकता कामाला लागलेला पोरगासुद्धा हे आधी तपासतो. बावीस वर्षांत तिने अशी चूक केली नव्हती, आणि करायची तेव्हा आईच्या बाबतीत केली.

ती पुन्हा खाली गेली. अझेली ओट्यापाशी उभी होती. लिओंटीनने पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "ममा, बाटलीत काय घातलंस?"

अझेलीने नाही-हो केलं नाही. ओल्या हातांनी खुर्ची ओढली आणि बसली.

"ज्या वर्षी घरात कमरेइतकं पाणी शिरलं ना, त्या वर्षी फळी पडली. आपण सगळे वर लाफायेतला गेलो होतो. परत आले तर मेरीमाता चिखलात आणि बाटली तिच्याखाली, बूच निघालेलं. तळाशी दोन बोटं उरलं होतं. निम्म्याहून जास्त गेलं, टीन. तुझ्या बापाचं उरलं होतं काय मला? एक टोपी, एक वही आणि ती बाटली." तिने ॲप्रनला हात पुसले. "तू दुसऱ्या दिवशी येणार होतीस. रिकामी बाटली बघून तू रडली असतीस. म्हणून मी एल्फेजला सांगितलं. त्याने त्याच्या बाटलीतलं ओतलं."

"एल्फेजच्या? म्हणजे ग्रोबेकचं?"

"तेल ते तेल. काळंच होतं ते पण." मग मुलीचं तोंड बघून तिचा आवाज खाली आला. "माझं चुकलं का गं? पापा नाहीत का त्यात?"

"माहीत नाही, ममा," लिओंटीन म्हणाली. तिला उभ्या जागी मरून जावंसं वाटलं.

एल्फेज दोमँग तीन घरं सोडून राहायचा. तो लिओंटीनचा पारँ, बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर धरणारा धर्मपिता. बायको जाऊन पंधरा वर्षं झाली होती. अडतीस वर्षं त्याने अझेलीचं गवत कापलं, तिच्या छपराची डागडुजी केली, तिच्या दाराशी बादली भरून खेकडे ठेवले. बायूवरच्या जिभा हलायच्या, की आता तरी म्हाताऱ्याने विचारून टाकावं. एल्फेजने कधी विचारलं नाही. अझेलीकडे नुसता जेवायलासुद्धा बसला नाही कधी. बादली ठेवायची, टोपीला हात लावायचा आणि निघायचं. माणसं म्हणायची, लाजतो.

तो व्हरांड्यात जाळं विणत बसला होता. लिओंटीनने पायरीवर बसून सगळं सांगितलं: बाटलीत दोन तेलं आहेत, ती वेगळी करायची तर त्यातलं एक शुद्ध हातात हवं, आणि ग्रोबेकचं शुद्ध तेल जगात आता एकाच घरात आहे.

"माझ्या बाटलीतलं घेतलंस की तुला काय कळेल?" त्याने विचारलं.

"ग्रोबेकचं वजा केलं की रोझालीचं उरेल. मग तवंगातलं तेल दोघांपैकी कुणाचं ते कळेल. म्हणजे चौदा नंबर बुडालाय तिथे की एकवीस."

एल्फेजने सुई जाळ्यात खोचली. मग काढली. मग पुन्हा खोचली.

"ते यंत्र चुकतं का कधी?"

"यंत्र नाही चुकत. मी चुकले."

तो उठून आत गेला तो इतका वेळ आला नाही की लिओंटीनला वाटलं, म्हातारा झोपला की काय. आला तेव्हा हातात रुमालात गुंडाळलेली बाटली होती. ती त्याने तिच्या हातात दिली आणि हात लगेच सोडला नाही.

"पोरी, एक कर. यातून काय निघेल ते अझेलीला सांगशील तेव्हा मी तिथे पाहिजे. मी नसताना सांगू नकोस. कबूल?"

"कबूल, पारँ." तिला वाटलं, आईला आधार द्यायला म्हणत असेल. कुणालाही तेच वाटलं असतं.

या वेळी तिने घाई केली नाही. प्रत्येक नमुना तीनदा चालवला, रॉस्कोने आणखी दोनदा. व्हॅनिलाच्या बाटलीतून ग्रोबेकचा वाटा काढून टाकला आणि रोझालीचं खरं तेल पहिल्यांदा कागदावर एकटं उभं राहिलं. फुलझाडांच्या रसातून येणारा एक रेणू त्यात भरपूर होता, आणि ते उंच, खारट शिखर नव्हतंच. सुंदर तेल होतं. लिओंटीन त्या रेघेकडे बघत राहिली. पापांच्या हाताला लागलेलं, त्यांच्या शर्टातून धुऊनही न गेलेलं, ते हे. त्यांच्या कुशीत शिरलं की येणारा वास याच शिखरांचा होता.

मग तिने तवंगातले ते तीन थेंब शेजारी ठेवले. त्यांत रोझालीचं काहीच नव्हतं. थेंब न् थेंब ग्रोबेकचा होता.

"एकवीस नंबर," रॉस्को म्हणाला. त्याने सही केली आणि पहिल्यांदाच त्याला थट्टा सुचली नाही. "मला वाईट वाटतं, लिओंटीन."

सणाला पाच दिवस उरले होते. दुपारी दोनच्या सुमारास ती आईच्या स्वयंपाकघरात शिरली तेव्हा एल्फेज आधीच येऊन दाराशी उभा होता, आत नाही, बाहेर नाही, इस्त्रीचा शर्ट घालून. अझेलीच्या भावजयीने पाठवलेल्या बदकाच्या गम्बोचं, भाताबरोबर खायच्या घट्ट रश्शाचं, पातेलं शेगडीवर होतं. अझेली टेबलाशी बसली होती. तिने मुलीच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं.

"नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत, ममा. तो बार्ज ग्रोबेकचा आहे, एकवीस. त्यावर कुणी नव्हतं. ते भोक बुजवतील आणि सोडून देतील. चूक माझी आहे. मी आधी नीट बघायला हवं होतं, तुला उगाच..."

अझेलीने टेबलावरचं कापड हाताने सारखं केलं. ते आधीच सारखं होतं. "त्या दगडवाल्याला सांगायला हवं," ती म्हणाली. "त्याने नाव अर्धं कोरलंय म्हणे."

"कोरू दे त्याला," दारातून एल्फेज म्हणाला.

दोघींनी वळून बघितलं. त्याने टोपी काढली होती आणि ती तो दोन्ही हातांनी पिळत होता.

"आल्सीद एकवीसवर होता, अझेली."

लिओंटीनने पातेल्याखालचा जाळ बंद केला.

"रेडिओवर निरोप आला, की बायकोला कळा लागल्यात. वारा चढत होता. मी माझी बोट काढली, म्हटलं, जाता जाता आल्सीदलाही उचलतो. त्याने चौदा बंद करून बांधून ठेवला होता, रिकामाच होता तो. बोटीत बसला आणि मला म्हणाला, एकवीसवर कोण? मी म्हटलं, कुणी नाही. अर्धा भरलाय, नळी लागलेली आहे, पण मी थांबू शकत नाही. तर मला म्हणाला, गाढवा, नळी लावून बार्ज सोडतात का वादळात? चल, मला तिथे सोड. मी बघतो. उजाडलं की ये मला न्यायला." एल्फेजने घसा साफ केला. "आम्ही असे एकमेकांच्या जागी बसायचोच. ऑफिसला सांगायची पद्धत नव्हती. कुणीच सांगायचं नाही. मी त्याला सोडला आणि घरी आलो. रात्री पोरगा झाला. उजाडलं तेव्हा बायूतून बोट निघेना, लाटा रस्त्यावर येत होत्या."

"सहा आठवडे शोधत होते," लिओंटीन म्हणाली. "रोझालीत. तुम्ही त्यांच्याबरोबर होतात, पारँ. त्यांच्या बोटीत बसून होतात."

"होतो. पहिल्या दिवशी वाटलं, तो पोहून, चालून कसाही चौदावर परतला असेल. आल्सीदच तो. दुसऱ्या दिवशी सांगायला म्हणून आलो, तर तू याच दारात उभी होतीस, अझेली, आणि मला म्हणालीस, बरं झालं बाई, तू तरी वाचलास. माझी जीभ उचलेना. मग तिसरा दिवस आला. एकदा राहिलं ते राहिलं. ग्रोबेकमध्ये मी एकट्याने शोधलं, कोळंबीच्या नावाखाली, नऊ वर्षं. जाळ्याला काही अडकलं की माझं काळीज थांबायचं. पोराचं नाव आल्सीद ठेवलं. सगळे म्हणाले, काय मैत्री." तो लिओंटीनकडे वळला. "त्या बाईला मी सांगतो, सरकारातल्या. लिहून देतो, सही करून देतो. मग त्यांना उघडावाच लागेल ना बार्ज?"

"लागेल," लिओंटीन म्हणाली. तिला त्याला मारावंसं वाटत होतं, आणि धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. पापा सापडले होते. पापा सापडले होते, आणि ते इतकी वर्षं कुठे होते हे रोज सकाळी आईच्या कुंपणाशी येणाऱ्या माणसाला माहीत होतं.

अझेली अजून हललेली नव्हती. ती एल्फेजकडे बघत होती, पण रागाने नाही. कुणी लांबून येताना दिसावं आणि ओळखू येऊ नये, तशी.

"काय म्हणाला तो?" तिने विचारलं.

"अं?"

"तू बोट वळवलीस तेव्हा. शेवटचं काय म्हणाला? काहीतरी म्हणाला असेल. तो काही बोलल्याशिवाय कुणाला जाऊ द्यायचा नाही."

एल्फेजने खाली बघितलं. एवढी सगळी कबुली देताना तो रडला नव्हता, तो आता रडायला लागला, मोठ्या माणसाचं वेडंवाकडं रडणं.

"तुझ्यासाठी निरोप होता."

"सांग."

"म्हणाला, अझेलीला सांग, आज यायला जमत नाही. माझ्यासाठी थांबू नकोस म्हणावं. जेवून घे म्हणावं."

अझेलीने डोळे मिटले. तिचे ओठ हलले. ती ते शब्द स्वतःशी एकदा म्हणून बघत होती. ते त्याचेच होते. असं साधं, बिनसाखरेचं तोच बोलायचा.

"आणि तू मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"मी थांबले ना रे, एल्फेज," अझेली म्हणाली.

एल्फेज दाराच्या चौकटीला टेकला. कुणी त्याला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बाहेर एक कोळंबीची बोट बायूतून वर गेली आणि तिच्या लाटा धक्क्याला लागून शांत झाल्या.

मग अझेलीने खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली आणि पदराने पुसावे तसे ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

"टीन," ती म्हणाली, "भात आहे का बघ. मला वाढ."

लिओंटीनने ताटलीत भात घेतला, वर गम्बो घातला आणि आईच्या पुढे ठेवला. अझेलीने क्रूसाची खूण केली आणि जेवायला सुरुवात केली. सावकाश, एकेक घास चावून, तिने ताटली पूर्ण संपवली.